डिसेंबरात लहान मुलांना घेऊन कोपनहेगन की स्टॉकहोम? कमी खर्चात कसं जमवायचं?

अबोली | १४ ऑक्टोबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आम्ही हॅम्बुर्गला राहतो. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी नुकतीच दोन पूर्ण झाली. दोघंही पाळणाघरात जातात, त्यामुळे शाळेच्या सुट्टीचं बंधन या वर्षीपुरतं तरी नाही. पुढच्या वर्षी मुलगा पहिलीत जाईल आणि मग सुट्टीतल्या महागड्या तिकिटांशिवाय पर्याय उरणार नाही. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सोमवार ते शुक्रवारमधले तीन मुक्काम असं ठरवतोय.

बजेट ७०० युरो. प्रवास, राहणं, खाणं, फिरणं सगळं त्यात बसायला हवं. यंदा एकाच पगारावर घर चालतंय, त्यामुळे हा आकडा खरंच ताणता येणार नाही. नवरा म्हणतो कोपनहेगन, रेल्वेने थेट जाता येतं. मला स्टॉकहोमची ओढ आहे. मैत्रीण म्हणते दोन्ही करा, पाच दिवसांत होतं. आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं. धाकटी दुपारी दीड तास झोपतेच.

मुलांना घेऊन थंडीत गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. कुठे पैसे वाचतात आणि कुठे वाचवायला जाऊ नये, ते मला हवंय.

---

रानजाई | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

अबोली, मी नऊ वर्षं कोपनहेगनमध्ये आहे, दोन्ही मुलं इथेच झाली. आधी एक सांगते: दोन शहरं करू नकोस. पाच दिवसांत दोन शहरं म्हणजे दोनदा सामान बांधणं, दोनदा नवी खोली, दोनदा मुलांची झोप मोडणं, आणि खर्च जवळजवळ दीडपट. एक शहर घ्या आणि त्यातही रोज दोनच गोष्टी ठरवा. एक उजेडातली, एक छपराखालची.

उजेडाचा हिशेब इथे पैशांच्या हिशेबाइतकाच महत्त्वाचा आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सव्वाआठच्या पुढे उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. हॅम्बुर्गपेक्षा फार वेगळं नाही, पण घरी असताना आपण अंधारात घरात असतो, सहलीला मात्र अंधारात रस्त्यावर असतो. तो फरक मुलांना जाणवतो. सकाळी नऊ ते बारा बाहेर, मग जेवण, मग धाकटीची झोप, मग संध्याकाळी आत. हाच क्रम धरा.

आता पैसे. बस, मेट्रो, एस-ट्रेन, बंदरातली पिवळी बोट, सगळ्यांना एकच तिकीट चालतं आणि प्रत्येक मोठ्या माणसाबरोबर १२ वर्षांखालची दोन मुलं फुकट. तुम्हा दोघांचे ७२ तासांचे 'सिटी पास स्मॉल' घेतले की विषय संपला. बंदरातली बोट म्हणजे साधी सार्वजनिक वाहतूक आहे. पर्यटकांच्या बोटीला मोजाल ते पैसे इथे वाचतात आणि पाणी, पूल, रंगीत घरं तीच दिसतात.

तुझ्या मुलासाठी मात्र सगळ्यात मोठी मौज मेट्रोची. तिला चालकच नाही! पहिल्या डब्यात अगदी पुढच्या काचेपाशी बसायचं, समोर बोगदा उलगडत जातो. एम-३ ही गोल फिरणारी मार्गिका आहे, १७ स्थानकं, पूर्ण चक्कर २४ मिनिटांत. माझा मुलगा चार वर्षांचा असताना पावसाच्या दिवशी आम्ही दोन-दोन चकरा मारायचो. उबदार, कोरडं आणि पासातच.

राष्ट्रीय संग्रहालयात १८ वर्षांखालच्यांना तिकीट नाही आणि आत मुलांसाठी वेगळं दालन आहे. व्हायकिंग जहाजात चढायचं, जुन्या शाळेच्या बाकावर बसायचं, कपडे घालून बघायचे, सगळं हाताळायची मुभा. सोमवारी बंद असतं, मोठी कलासंग्रहालयंही सोमवारी बंद. त्यामुळे सोमवार प्रवासाला ठेवताय ते उत्तम.

आणि 'मॅडपॅके' हा शब्द लक्षात ठेव. म्हणजे आपला डबा. डॅनिश लोक डबासंस्कृतीत आपल्याला अजिबात परके नाहीत. संग्रहालयांतून घरचा डबा खायला वेगळी खोली असते. तिथे बसून कुणालाही विचारायची, संकोचायची गरज नाही. साधी कॉफी ४० क्रोनच्या पुढे जाते (युरोला साधारण साडेसात क्रोन धर), चौघांचं बाहेरचं जेवण दोनदा झालं की तुझं बजेट तिथेच कोलमडेल.

---

पाणपोई | १५ ऑक्टोबर, सकाळी ११:०२

स्टॉकहोमची बाजू मांडायला हवी, मी इथे राहतो. :)

लहान मुलांसाठी आमचं शहर फार प्रेमळ आहे. ७ वर्षांखालच्यांना मोठ्यांबरोबर प्रवास फुकट. वासा संग्रहालयात १८ पर्यंत तिकीट नाही. १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालेलं आणि १९६१ मध्ये वर काढलेलं जहाज तिथे अख्खं उभं आहे. मुलं दारातून आत शिरतात आणि मान वर करून गप्प होतात, हे मी घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यांच्या बाबतीत पाहिलंय. सेर्गेल्स तोर्गजवळच्या कुल्तूरहुसेटमध्ये फक्त मुलांसाठी वाचनालय आहे, फुकट. भुयारी रेल्वेची स्थानकं म्हणजे चित्रशाळा. कुंगस्त्रेदगोर्देनमधल्या बर्फाच्या रिंगणात उतरायला पैसे लागत नाहीत, फक्त स्केट्स भाड्याने घ्यायचे.

कामाच्या दिवशी ११ ते २ या वेळात 'दागेन्स लुंच' मिळतं. एका किमतीत गरम पदार्थ, सॅलड, पाव, पाणी, बहुतेक ठिकाणी कॉफीसुद्धा. शाकाहारी पर्याय नेहमी असतो. संध्याकाळी त्याच खानावळीत दुप्पट मोजावे लागतात.

विमानाने येणाऱ्यांसाठी: आर्लांदाहून ५८३ क्रमांकाची बस मेर्श्ताला जाते, तिथून लोकल. शहरातल्या सार्वजनिक वाहतुकीचं (एसएल) साधं तिकीट पुरतं. विमानतळाच्या आतल्या स्थानकातून लोकल पकडली तर जादा शुल्क द्यावं लागतं, ते जाणवतं.

पण अबोली, प्रामाणिकपणे सांगायचं तर तुझ्या बजेटमध्ये आणि दोन वर्षांच्या मुलीसह हॅम्बुर्गहून मी कोपनहेगनच सुचवेन. इथे डिसेंबरात पावणेतीनला अंधारतं. स्टॉकहोमला फेब्रुवारी-मार्चमध्ये या. तेव्हा उजेड असतो, आणि बेकऱ्यांत सेमला असतात. वेलदोड्याचा पाव, आत बदामाचा लगदा आणि वर साय. स्वीडिश माणसं वेलदोडा इतका वापरतात की बेकरीच्या दारात उभं राहिलं तरी मला घरच्या दिवाळीची आठवण येते.

---

उंबरठा | १५ ऑक्टोबर, दुपारी १:३०

मुलांना बर्फच हवा असेल तर ऑस्लो. कोपनहेगनमध्ये डिसेंबरात शून्याच्या थोडं वर, पाऊस आणि वारा. बर्फ क्वचित. मुलांना आधीच तसं सांगा, नाहीतर हिरमुसतात.

ऑस्लोत १ नंबरच्या मेट्रोने वर फ्रोग्नरसेतेरेनला जायचं, घसरगाडी भाड्याने घ्यायची आणि 'कोर्केत्रेक्केरेन'वरून साधारण दोन किलोमीटर घसरत खाली यायचं. परत मेट्रोने वर! पण ते पाच वर्षांच्या पुढे, आणि बर्फ नीट बसल्यावर, म्हणजे जानेवारीनंतर. ब्योर्विकाचं डाइखमान वाचनालय मात्र कोणत्याही दिवशी. फुकट, उबदार, मुलांना लोळायला जागा.

---

चिंचगूळ | १५ ऑक्टोबर, रात्री ९:२०

माझं मत वेगळं आहे. दोन वर्षांचं मूल घेऊन डिसेंबरात जाऊच नये. सर्दी-ताप झाला तर परक्या गावात सगळी सहल खोलीत. तेच पैसे मे महिन्यापर्यंत साठवा आणि मग जा.

---

रानजाई | १५ ऑक्टोबर, रात्री १०:०५

चिंचगूळ, काळजी रास्त आहे, पण मे महिन्यात राहण्याचे दर इथे कुठल्या कुठे गेलेले असतात. ७०० युरोत चौघं तीन रात्री हे डिसेंबरातल्या मधल्या वारीच जमू शकतं. आणि पाळणाघरात जाणारी मुलं सर्दी घरबसल्याही आणतात. :) थंडीने मूल आजारी पडतं यापेक्षा ओलं राहिल्याने हैराण होतं, हा माझा अनुभव. त्यावर खाली लिहिते.

---

अबोली | १६ ऑक्टोबर, दुपारी २:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. पाणपोई, तुम्ही स्वतःचं शहर मागे ठेवून सल्ला दिलात, फार बरं वाटलं. कोपनहेगन पक्कं. आज रेल्वेचं तिकीट काढलं, ६ वर्षांखालच्यांना तिकीटच नाही, फक्त आसनं राखून ठेवली.

आता तीन प्रश्न. कपडे काय घ्यावेत? आणि राहायला हॉस्टेल की भाड्याचं घर? आणि कोपनहेगन कार्ड, म्हणजे एका किमतीत बरीच ठिकाणं बघायचा पास, घ्यावं का?

---

रानजाई | १६ ऑक्टोबर, रात्री ८:३०

कार्ड उलट्या बाजूने मोज. आधी काय बघणार ते लिही, त्याची मोठ्यांची तिकिटं जोड, मग कार्डाची किंमत बघ. दिवसाला तीन-चार ठिकाणं करणाऱ्यांना ते परवडतं. तुम्ही दोन करणार, त्यातलं एक फुकट. नको घेऊस.

कपड्यांचे तीन थर. अंगालगत लोकर, सुती नको. सुती घामाने ओलं होतं आणि ओलं राहतं. वर फ्लीस. त्यावर पाणी न शिरणारा अखंड सूट, इथे त्याला 'फ्ल्यूवरड्राग्ट' म्हणतात. नवा घेऊ नकोस, मुलं एका हिवाळ्यात त्यातून बाहेर पडतात. हॅम्बुर्गच्या मुलांच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळेल, इथे रेड क्रॉसच्या दुकानांतही मिळतो. हातमोजे बोटांचे नकोत, पिशवीसारखे हवेत, आणि प्रत्येकी दोन जोड. एक जोड ओला झाला की लगेच दुसरा. याच एका गोष्टीवर अख्खी सकाळ टिकते किंवा मोडते, मी अतिशयोक्ती करत नाहीये.

छपराखाली शिरलात की पहिल्या मिनिटात सूट उतरवायचा. आळस केला की आत घाम आणि बाहेर पडल्यावर कुडकुडणं.

---

देवराई | १७ ऑक्टोबर, सकाळी ६:४५

राहण्याबद्दल मी लिहिते, कारण त्यात आम्ही फसलो होतो. गेल्या वर्षी जानेवारीत कोपनहेगनला भाड्याचं घर घेतलं. जाहिरातीत 'स्वयंपाकघर' लिहिलेलं, फोटोत ओटा आणि सिंक. पोहोचल्यावर बघतो तर शेगडी नाही, एक मायक्रोवेव्ह आणि दोन कप. रात्रीचे आठ, मुलं भुकेलेली, बाहेर आडवा पाऊस. पहिल्या रात्रीच जेवणाला एवढे पैसे गेले की पुढचे दोन दिवस पावावर काढले. मला तेव्हा फार वाईट वाटलं, मुलांसमोर डोळ्यांत पाणी आलं.

म्हणून घरमालकाला आधी लेखी विचार: शेगडी आहे का, पातेलं आहे का, साफसफाईचे वेगळे पैसे किती. हे शेवटचे तीन रात्रींच्या मुक्कामाला फार जड जातात.

परतीच्या मुक्कामाला आम्ही हॉस्टेलमधली कुटुंबाची खोली घेतली. दुमजली पलंग, स्वतःची न्हाणी, खाली सामाईक स्वयंपाकघर. चादरींचे बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे असतात, आपल्या न्याव्यात.

आणि खिचडीची युक्ती. रुंद तोंडाचा, जेवण ठेवायचा थर्मास घे. रात्री मूठभर मूगडाळ आणि दोन मुठी तांदूळ भिजत घाल. सकाळी थर्मासात उकळतं पाणी भरून ठेव, तो तापू दे. तोवर डाळ-तांदूळ मीठ, हळद, तूप घालून भरपूर पाण्यात पाच-सात मिनिटं खळखळ उकळ. मग थर्मास रिकामा करून त्यात गळ्यापर्यंत ओत आणि झाकण घट्ट. काठोकाठ भरला पाहिजे, अर्धा ठेवला तर निवतो आणि डाळ टचटचीत राहते. बाराला उघडलास की मऊ, वाफाळती खिचडी. जिऱ्याची फोडणी नाही, पण वरून मेतकूट घातलं की कुणी विचारत नाही.

अजून एक: प्रत्येकाचा पासपोर्ट आणि निवासपरवाना, मुलांचेही, हाताशी ठेवा. २०१६ पासून डेन्मार्क सरहद्दीवर तपासणी करतं, पाडबोर्ग स्थानकात पोलीस डब्यात येतात. फोनमधला फोटो पुरत नाही.

---

पायवाट | १९ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१०

मी पुण्याहून. फेब्रुवारीत मुलांना (८ आणि ४) घेऊन यायचा विचार आहे. स्टॉकहोमहून ध्रुवीय प्रकाश दिसतो का? आणि व्हिसाला मुलांचे किती?

---

पाणपोई | १९ ऑक्टोबर, रात्री ८:००

दिसेल या भरवशावर स्टॉकहोमला येऊ नका. त्यासाठी वर किरुना, आबिस्को किंवा नॉर्वेत त्रोम्सो गाठावं लागतं, आणि तिथेही ढग आले की काही नाही. तो वेगळा प्रवास आहे, वेगळं बजेट आहे. चार वर्षांच्या मुलाला मध्यरात्री उणे वीसमध्ये उभं करून आकाशाकडे बघायला लावणं मला तरी जमलं नसतं.

शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्यांना ४५, ६ च्या खाली माफ. अर्ज केंद्राची सेवा फी वेगळी. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करा, सहा महिने आधीपासून करता येतो.

---

अबोली | १० डिसेंबर, रात्री ११:२०

आलो! धागा वर काढतेय, कारण तुमच्यामुळेच झालं हे सगळं. एकूण खर्च ६६४ युरो. त्यात सर्वांत मोठा वाटा राहण्याचा (हॉस्टेलची कुटुंबाची खोली, तीन रात्री ३२१), मग रेल्वे. बाहेरचं जेवण फक्त दोनदा: एकदा नोरेब्रोगाडेवर फलाफल, एकदा डिबल्सब्रोच्या आयकियात. बाकी सगळं नेट्टो या किराणा दुकानातून सामान आणून.

प्रवासाबद्दल कुणी सांगितलं नव्हतं ते सांगते. फ्यून बेट संपल्यावर गाडी समुद्रावरच्या पुलावर येते. दोन्हीकडे राखाडी पाणी, मुलगा काचेला नाक लावून. आणि मध्येच गाडी एका छोट्या बेटावरून खाली बोगद्यात शिरते. काळोख झाला तसा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, समुद्र कुठे गेला?" आपल्या डोक्यावर आहे म्हटल्यावर बोगदा संपेपर्यंत तो छताकडे बघत बसला. पाडबोर्गला पोलीस आले, कागद हातात होते, मिनिटभरात झालं. देवराई, धन्यवाद.

मेट्रोची चक्कर आम्ही एकूण पाचदा मारली. पाच!

बुधवारची सकाळ माझी सर्वांत आवडती. एम-३ने फ्रेडरिक्सबर्ग आले स्थानक, तिथून थोडं चालून बाग. बागेला तिकीट नाही आणि तिच्या एका बाजूने प्राणिसंग्रहालयातल्या हत्तींचं आवार दिसतं. वीस मिनिटं थांबलो तेव्हा एक हत्ती बाहेर आला, तोंडातून वाफ सोडत. तिथेच एक झाड आहे, इथली मुलं चोखणी सोडताना त्या झाडाला बांधून येतात. फांदोफांदी शेकडो चोखण्या, ऊनपावसाने विटलेल्या, काहींना चिठ्ठ्या बांधलेल्या. धाकटी खाली उभी राहून बराच वेळ बघत होती. मग तिने तोंडातली चोखणी काढली, हातात धरली, झाडाकडे पाहिलं, आणि परत तोंडात घातली. आम्हीही आग्रह केला नाही.

राउंड टॉवरही चढलो. १६४२ मधला मनोरा, पायऱ्यांऐवजी गोल गोल चढत जाणारा रस्ता. १७१६ मध्ये रशियाचा झार पीटर घोड्यावर बसून वर गेला होता. हे सांगितल्यावर मुलगा टापा वाजवत वरपर्यंत धावला, उचलून घ्यावं लागलं नाही. उतरल्यावर लगेच शेजारच्या मुख्य वाचनालयात शिरलो. धाकटी बाबागाडीत झोपली, आम्ही दोघं तासभर उबेत बसलो. त्या तासाचे शून्य क्रोन.

टिवोलीला आत गेलो एका संध्याकाळी. मोठ्यांची तिकिटं महाग आहेत, पाळण्यांचे पैसे वेगळे, पण पाळण्यात बसायचं नाही हे आधीच सांगून ठेवलं होतं. दिवे बघायलाच जायचं. १८४३ पासून ते उद्यान तिथे आहे आणि नाताळात जे उजळतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. ते पैसे मी कुठेही कापले नसते. जलपरीचा प्रसिद्ध पुतळा मात्र गाळला, बंदरावर वारा असा होता की बोटीतूनच परत फिरलो.

एक चूक: एके दिवशी दुपारची झोप टाळून बारा वाजता आमालियनबोर राजवाड्याचा पहारा बदलताना बघायला गेलो. तुतारी, उंच केसाळ टोप्या, सगळं छान, पण तिथून खोलीवर येईपर्यंत धाकटी रडून रडून थकली आणि संध्याकाळ हातची गेली. रानजाईचा क्रम मोडायला नको होता.

आणि कॅफेंच्या बाहेर थंडीत बाबागाड्यांत निवांत झोपलेली बाळं! पहिल्यांदा बघून मी दचकून थांबलेच.

---

रानजाई | ११ डिसेंबर, सकाळी ७:३०

अबोली, वाचून फार आनंद झाला. त्या झाडावर आमच्या धाकट्याची निळी चोखणी आहे, उजवीकडच्या फांदीवर.

---

पायवाट | ११ डिसेंबर, सकाळी ९:४५

सुंदर लिहिलंय. आम्हीही आता एकच शहर करणार, स्टॉकहोम. मनोऱ्यावर बाबागाडी जाते का? आणि खिचडीचा थर्मास किती लिटरचा घेतलात?

---

अबोली | ११ डिसेंबर, दुपारी १:१५

शेवटच्या टप्प्यात अरुंद पायऱ्या आहेत, त्यामुळे बाबागाडी अगदी वर नेता येत नाही, आम्ही ती खालीच ठेवली. स्टॉकहोमला तो प्रश्न नाहीच. थर्मास पाऊण लिटरचा, एक आणखी अर्ध्या लिटरचा मुलांसाठी वेगळा. पण आकारापेक्षा तोंड बघा. आमच्या जुन्याचं तोंड अरुंद होतं, त्यात चमचा आडवा फिरत नव्हता, आणि धाकटीला भात डोळ्यांनी दिसल्याशिवाय ती तोंड उघडत नाही.